द्राक्षाला चाळणी, गादीला मोकळं रान

मंडळी, पोस्ट मोठी आहे, निवांत वाचा. विषय तुमच्या घरातल्या गादीचा, सोफ्याचा, टीव्हीचा आहे. पण आपण पडलो निफाडकर, म्हणून सुरुवात द्राक्षापासून करतो.

आपल्या तालुक्यात निर्यातीचा माल पिकवणाऱ्या कुठल्याही बागायतदाराला विचारा, एमआरएल म्हणजे काय. तो फाडफाड सांगेल. फळात औषधाचा जास्तीत जास्त किती अंश चालतो, ती मर्यादा. कोणतं औषध काढणीच्या किती दिवस आधी बंद करायचं, हे त्याच्या वहीत तारखेनिशी लिहिलेलं असतं. युरोपात ज्या औषधाला वेगळी मर्यादा ठरवलेली नाही, त्याला सरसकट किलोमागे ०.०१ मिलीग्रॅम. हिशेब करा. १०० टन द्राक्षांत १ ग्रॅम. त्यापेक्षा जास्त निघालं की माल नापास.

हे ज्ञान आपल्याला कुणी प्रेमानं शिकवलेलं नाही. ठेचा खाऊन आलंय.

पहिली मोठी ठेच २००३ सालची. नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत मेथोमिलसारख्या कीटकनाशकाचे अंश सापडले आणि युरोपभर इशारा गेला. त्यानंतर अपेडा आणि पुण्याजवळ मांजरीला असलेलं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र यांनी मिळून अंश तपासणीची व्यवस्था उभी केली. २००६ पासून ग्रेपनेट आलं. प्रत्येक बागेची नोंदणी, प्रत्येक प्लॉटला क्रमांक, प्रयोगशाळेचा माणूस स्वतः बागेत येऊन नमुना घेणार, अहवाल संगणकावर. रॉटरडॅमच्या गोदामातला डबा उचलला तर तो उगावच्या की पिंपळगावच्या कुठल्या गटातला, इथपर्यंत माग काढता येतो. एवढी कडक शिस्त आपल्या शेतकऱ्यानं पाळून दाखवली, याचा मला अभिमान आहे.

दुसरी ठेच २०१० सालची. ती तुमच्यापैकी अनेकांना अजून दुखते. त्या हंगामात युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड सापडलं. आपल्या भाषेत सीसीसी. एप्रिल छाटणीनंतर वेलीची नुसती वाढ रोखायची आणि डोळ्यांत घड धरायचा, म्हणून ते वापरलं जायचं. मर्यादा होती किलोला ०.०५ मिलीग्रॅम, म्हणजे २० टनांत १ ग्रॅम. कंटेनर तिकडच्या बंदरांवर अडकले, भाव कोसळले, माल पडून राहिला. मी तेव्हा नवा तालुका प्रतिनिधी होतो. त्या उन्हाळ्यात बागायतदारांच्या ओट्यावर बसून मी जे ऐकलं, ते एकच वाक्य होतं: "आम्ही तर सगळ्या टेस्ट पास करून माल पाठवला होता."

आणि ते खरं होतं. यादीतली औषधं तपासून, दाखला घेऊनच माल गेला होता. सीसीसी तपासणीच्या यादीतच नव्हतं. दारात राखणदार यादी घेऊन उभा, आणि ज्याचं नाव यादीत नाही तो सरळ आत. नंतर सीसीसी यादीत आलं. तोवर कित्येक घरं कर्जात गेली होती.

या दोन ठेचांतून दोन गोष्टी लक्षात ठेवा, पुढे लागतील. एक, रसायनावर नियम येतो तो ते किती विषारी आहे यावरून नाही, तर माल परत पाठवायची ताकद कुणाच्या हातात आहे यावरून. दोन, एकेका रसायनाची यादी करत बसलं की यादी कायम मागे आणि रसायन पुढे.

आता घरात चला.

पूर्वी आपल्याकडे पिंजारी यायचा. धनुकलीचा तो टणत्कार गल्लीभर ऐकू यायचा. जुन्या गादीतला कापूस पिंजून नवा करून द्यायचा. आज पिंजारी दिसत नाही. गादी फोमची, सोफा फोमचा, गाडीचं सीट फोमचं, बाळाची उशीसुद्धा फोमची. फोम म्हणजे पॉलियुरेथेन, मूळ खनिज तेलातलं. हलकं, मऊ, स्वस्त. एकच खोड आहे, पेटलं की भडकतं आणि धूर विषारी सोडतं. टीव्हीच्या मागचं प्लास्टिक, चार्जर, वायरी यांचंही तसंच.

म्हणून कंपन्यांनी त्यात आगरोधक रसायनं घालायला सुरुवात केली. त्यातली बरीचशी ब्रोमिन किंवा क्लोरीनवर आधारलेली. उष्णता लागली की ब्रोमिन सुटतो आणि ज्वाला पेटती ठेवणाऱ्या कणांना पकडतो. कल्पना चांगली होती. घोळ असा की यातली कित्येक रसायनं प्लास्टिकशी घट्ट जोडलेली नसतात, नुसती मिसळलेली असतात. वर्षानुवर्षं हळूहळू बाहेर येतात आणि घरातल्या धुळीत बसतात. रांगणारं पोर जमिनीवर हात टेकतं, तोच हात तोंडात घालतं. ही रसायनं चरबीत साठतात, लवकर निघून जात नाहीत. काहींची रचना आपल्या थायरॉइडच्या हार्मोनशी मिळतीजुळती, त्यामुळे शरीराची गफलत होते. गरोदरपणात आईच्या रक्तात यांचं प्रमाण जास्त असेल तर पुढे मुलाच्या बुद्धीच्या वाढीवर परिणाम दिसतो, असे अभ्यास परदेशात झालेत.

हे लक्षात कसं आलं? त्याची गोष्ट शेतकऱ्यांनीच ऐकण्यासारखी आहे.

साल १९७३. अमेरिकेतलं मिशिगन राज्य. तिथल्या सेंट लुईस नावाच्या गावात एक कारखाना दोन पावडरी बनवायचा. एक मॅग्नेशियम ऑक्साइड, जनावरांच्या खुराकात घालायची. तिचं नाव न्यूट्रीमास्टर. दुसरी पीबीबी नावाचं आगरोधक, प्लास्टिकात घालायचं. तिचं नाव फायरमास्टर. नावं सारखी, पोती साधी. पोत्यांची अदलाबदल झाली आणि आगरोधकाची पोती पशुखाद्याच्या गिरणीत पोचली. शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेचं खाद्य ते, राज्यभर गेलं.

गाई चारा सोडू लागल्या, दूध आटलं, खूर वाढले, वासरं दगावली. शेतकऱ्यांना सांगितलं गेलं, तुमचंच जनावरं पाळण्यात काहीतरी चुकतंय. रिक हॅल्बर्ट नावाचा एक दूध उत्पादक शिक्षणानं केमिकल इंजिनिअर होता. तो हटला नाही. स्वतःच्या खर्चानं खाद्याचे नमुने प्रयोगशाळांकडे पाठवत राहिला. १९७४ च्या वसंतात उत्तर मिळालं. तोवर ते दूध, ते मांस, ती अंडी मिशिगनच्या लाखो लोकांच्या पोटात गेली होती. सुमारे ३० हजार गुरं आणि १५ लाख कोंबड्या मारून पुरल्या गेल्या. त्या लोकांच्या तब्येतीची नोंद पुढे अनेक दशकं चालू राहिली, कारण पीबीबी शरीरातून जातच नव्हतं.

आपल्याकडे हे नवीन नाही. १९५८ साली केरळात जहाजातून आलेल्या पिठावर पॅराथिऑन हे कीटकनाशक सांडलं होतं. ते पीठ खाऊन शंभरावर माणसं मेली. त्यातून चौकशी आयोग झाला आणि दहा वर्षांनी, १९६८ मध्ये, कीटकनाशक कायदा आला. आज कृषी सेवा केंद्राचा परवाना ज्या कायद्याखाली मिळतो, तोच हा. शंभर लोक गेले तेव्हा हा कायदा आला, हे दुकानाच्या भिंतीवर लावलेल्या त्या कागदाकडे बघून कुणाला आठवत नाही.

मिशिगननंतर पीबीबी बंद झालं. पण त्याची भावंडं बाजारात होतीच. आता यादीचा खेळ बघा.

अमेरिकेत लहान मुलांच्या झोपायच्या कपड्यांना आग लागू नये असा नियम आला, म्हणून त्यात ट्रिस नावाचं रसायन घातलं जायचं. १९७७ च्या जानेवारीत आर्लीन ब्लम आणि ब्रूस एम्स या दोन शास्त्रज्ञांनी लिहिलं की याच्यानं कर्करोगाचा धोका आहे आणि ते मुलांच्या अंगात जातंय. तीनच महिन्यांत सरकारनं ते कपड्यांतून बंद केलं. मग उरलेल्या मालाचं काय? काही माल परदेशात विकायला निघाला. आपल्या पोरांना नको ते दुसऱ्यांच्या पोरांना. शेवटी १९७८ मध्ये त्या निर्यातीवरही बंदी घालावी लागली. ब्रोमिनच्या ट्रिसची जागा क्लोरीनच्या ट्रिसनं घेतली. तेही कपड्यांतून हटलं, पण सोफ्याच्या फोममध्ये जाऊन बसलं. २०११ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी बाळांच्या वापरातल्या फोमच्या १०१ वस्तू तपासल्या. ८० टक्के वस्तूंत आगरोधक निघालं आणि त्यात सगळ्यात जास्त वेळा सापडलं ते हेच क्लोरीनचं ट्रिस.

सोफ्यात ते इतकं गेलं कसं? १९७५ साली कॅलिफोर्निया राज्यानं नियम केला की फोमनं १२ सेकंद उघड्या ज्वाळेला तोंड दिलं पाहिजे. राज्य मोठं, बाजार मोठा, म्हणून कंपन्यांनी अख्ख्या देशासाठीच तसा माल बनवला. त्यामागचं राजकारण बाहेर काढलं ते एका वर्तमानपत्रानं. २०१२ मध्ये शिकागो ट्रिब्यूननं लेखमाला छापली. घरांना आगी लागायच्या त्या बऱ्याचदा सोफ्यावर पडलेल्या सिगारेटनं. आपोआप विझणारी सिगारेट बनवा म्हणून दबाव आला, तेव्हा तंबाखू कंपन्यांनी बोट फर्निचरकडे वळवलं. 'आगीपासून सुरक्षा मागणारे नागरिक' असं नाव घेतलेली संघटना प्रत्यक्षात आगरोधक बनवणाऱ्या तीन मोठ्या कंपन्यांची निघाली. तिच्या बाजूनं एका नामवंत डॉक्टरनं आमदारांसमोर जळून मेलेल्या बाळाची गोष्ट सांगितली होती. बातमीदारांनी शोध घेतला तर तसं बाळच नव्हतं.

बातमीदारीत असल्यामुळे या लेखमालेबद्दल मला विशेष वाटतं. त्यांनी कागद काढले, साक्षी तपासल्या. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियानं नियम बदलला. आता फोमला ज्वाळा लावून बघत नाहीत, वरचं कापड धुमसतं का ते बघतात. ती परीक्षा रसायनाशिवाय पास होता येतं. १ जानेवारी २०२० पासून तर त्याच राज्यानं गाद्या, सोफे आणि मुलांच्या वस्तूंत ही रसायनं ठराविक प्रमाणापेक्षा जास्त घालायलाच बंदी केली. ज्या राज्यानं १९७५ ला घालायला लावलं, त्यानंच ४५ वर्षांनी काढायला लावलं.

युरोपात डोळे उघडले ते आईच्या दुधानं. स्वीडनमध्ये मातांच्या दुधाचे जुने नमुने जपून ठेवलेले होते. ते तपासल्यावर दिसलं की पीबीडीई या आगरोधकांचं प्रमाण १९७२ ते १९९७ या काळात दर पाच वर्षांनी दुप्पट होत गेलंय. त्यानंतर युरोपनं २००४ मध्ये यातले दोन प्रकार बंद केले, २००६ पासून इलेक्ट्रॉनिक वस्तूंवर मर्यादा आणली. आणि मार्च २०२१ पासून टीव्ही-मॉनिटरच्या बाहेरच्या खोक्यातून ब्रोमिन-क्लोरीनची सगळी जातकुळीच हद्दपार केली. एकेक नाव घेत बसले नाहीत. सीसीसीचा फटका खाल्लेल्या माणसाला याचं महत्त्व वेगळं समजावायला नको.

आता आपला देश. टिकाऊ विषारी प्रदूषकांवरचा स्टॉकहोम करार भारतानं २००६ मध्ये मान्य केला. त्या कराराच्या यादीत पीबीबी आणि पीबीडीईचे प्रकार २००९ मध्ये आले. आपल्याकडे ई-कचऱ्याचे नियम मे २०१२ पासून लागू झाले. त्यात नव्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंत पीबीबी आणि पीबीडीई वजनाच्या ०.१ टक्क्यापेक्षा जास्त नको, असं आहे. मग ५ मार्च २०१८ ला केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं सात रसायनांचं उत्पादन, व्यापार, वापर, आयात आणि निर्यात बंद करणारे नियम काढले. त्या सातांत आगरोधकांची ही जुनी मंडळी आहेत. मिशिगनच्या गाईंना मारणारं पीबीबी धरून. तिकडे १९७३, इकडे २०१८. पुन्हा ४५ वर्षं.

उशिरा का होईना, नियम झाला हे चांगलंच. पण आंतरराष्ट्रीय यादीत डेकाबीडीई नावाचं आणखी एक आगरोधक २०१७ लाच आलं होतं. आपल्या २०१८ च्या सातांत ते नाही. राखणदार तोच, यादी तीच जुनी.

आणि नियमाची अंमलबजावणी? द्राक्षाशी तुलना करून बघा. निर्यातीच्या प्रत्येक प्लॉटचा नमुना घेतला जातो. पण फोमच्या गादीचा किंवा प्लास्टिकच्या खेळण्याचा नमुना आपल्या तालुक्यातल्या दुकानातून कुणी रसायनासाठी नेला, अशी एकही बातमी मी इतक्या वर्षांत लिहिलेली नाही. ही पोस्ट लिहिण्याआधी मी तीन दुकानांत गादीची लेबलं वाचली. जाडी आहे, लांबी-रुंदी आहे, वॉरंटी आहे. आत कोणतं रसायन आहे ते कुठेच नाही. दुकानदारांना विचारलं तर ते हसले. त्यांचाही दोष नाही, त्यांना तरी कोण सांगतं?

तुलना शंभर टक्के जुळत नाही, हे मान्य. द्राक्ष आपण खातो, गादी खात नाही. पण तुमचं पोर तिच्यावर रोज आठ-दहा तास झोपतं. आणि गंमत बघा, ॲमस्टरडॅमच्या पोरानं खायच्या घडाची जेवढी काळजी आपल्या बांधावर घेतली जाते, तेवढी आपल्याच पोराच्या बिछान्याची, किंबहुना आपल्याच बाजार समितीतून गावात विकल्या जाणाऱ्या घडाचीही घेतली जात नाही. कारण ॲमस्टरडॅमचा ग्राहक माल परत पाठवू शकतो. आपण परत पाठवत नाही, आपण विचारतसुद्धा नाही.

यातला सगळ्यात वाईट भाग शेवटी येतो, वस्तू जुनी झाल्यावर. जुना टीव्ही, वायरी, मदरबोर्ड भंगारात जातात. तांब्यासाठी वायरी जाळणं अजूनही सर्रास चालतं. तो काळा, घशाला झोंबणारा धूर तुम्ही पण कधीतरी पाहिला असेल. ब्रोमिनवालं प्लास्टिक असं उघड्यावर जाळलं की त्यातून डायऑक्सिन-फ्युरानसारखी आणखी जहरी द्रव्यं तयार होतात. आगीपासून वाचवायला घातलेलं रसायन आगीतच सगळ्यात घातक ठरतं. धूर श्वासात जातो त्या भंगार वेचणाऱ्या पोराच्या. राख पावसानं वाहून ओढ्याला, ओढ्यातून कादवा-गोदावरीला. पुढे नांदूर मध्यमेश्वर आहे. त्याला २०२० मध्ये रामसरचा दर्जा मिळाला, तेव्हा आपण सगळ्यांनी फोटो टाकले होते.

आता कुणी म्हणेल, मग आगी लागू द्यायच्या का? रास्त प्रश्न आहे. रेल्वेचा डबा, दवाखाना, सिनेमागृह, जिथं माणसं अडकून पडू शकतात, तिथं आगीला टिकणारा मालच हवा, याबद्दल वाद नाही. पण तो कशानं टिकाऊ केलाय हे लिहिलेलं हवं. जिथं कापडाच्या विणीनं, जाड आवरणानं काम भागतं तिथं रसायन कशाला? घरातली आग रोखायची तर चांगलं वायरिंग, एमसीबी आणि गॅसच्या नळीची वेळेवर बदली यांचा उपयोग जास्त होतो.

माझ्या मागण्या साध्या आहेत. फोमच्या आणि प्लास्टिकच्या वस्तूवर आगरोधक घातलंय का, कोणतं, हे मराठीत छापा. बाजारातून नमुने उचला आणि अहवाल जाहीर करा. बंदी एकेका नावाची न करता गटाची करा. आणि तालुक्याच्या गावात ई-कचरा गोळा करायचं अधिकृत ठिकाण द्या, म्हणजे वायर जाळायची वेळ येणार नाही.

तोवर घरात काय करता येईल? लादी कोरडी झाडण्यापेक्षा ओल्या फडक्यानं पुसा, धूळ उडत नाही. पोरांचे हात जेवणाआधी धुवा. फाटलेल्या सोफ्यातला भुगा होणारा फोम तसाच ठेवू नका. जुनी गादी, वायर, टीव्ही शेतात पेटवू नका. आणि कुठे पिंजारी सापडला तर कापसाची एक गादी भरून घ्या.

आपलं निफाड हे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचं जन्मगाव, १८४२ सालचं. १८७६-७७ च्या दुष्काळात पुण्याच्या सार्वजनिक सभेनं गावोगावची माहिती गोळा केली आणि ती लेखी स्वरूपात इंग्रज सरकारपुढे ठेवली. त्या सभेच्या कामात रानडे पुढे होते. मोर्चा नाही, दगड नाही, आकडे आणि अर्ज. आपणही तेच करू. तहसीलदार, नगरपंचायत आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ यांना द्यायचा एक अर्ज मी तयार करतोय. ज्यांना सही करायची आहे त्यांनी कमेंटमध्ये फक्त 'सही' लिहा. आणि पुढच्या वेळी गादी घ्यायला जाल तेव्हा दुकानदाराला विचारा, "दादा, यात काय घातलंय?" २०१० मध्ये हाच प्रश्न आपल्याला परक्यांनी विचारला होता.